‘एम-ए-के-ई’ला ‘माके’ वाचणाऱ्या मुलीला इंग्रजी वाचन कसं शिकवावं?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात दुसरीत आहे. मराठी गोष्टींची पुस्तकं ती स्वतःहून वाचते. इंग्रजीत मात्र ‘एम-ए-के-ई’ला ‘माके’ आणि ‘आर-आय-डी-ई’ला ‘रिडे’ वाचते. स्पेलिंगं दहा-दहा वेळा लिहून घेतो, पण दुसऱ्या दिवशी विसरलेली असतात. फोनिक्सचा क्लास लावावा का? घरी काय करता येईल?

उत्तर : ‘माके’ ऐकून काळजी करू नका. मी गेली वीसेक वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवते आहे, आणि मला ‘माके’ वाचणारं मूल ‘एम’ बघून ‘मॅंगो’ म्हणणाऱ्या मुलापेक्षा कितीतरी पुढे गेलेलं वाटतं. तुमच्या मुलीने अंदाज मारलेला नाही. चार अक्षरं होती, प्रत्येकाला एक आवाज दिला, डावीकडून उजवीकडे जोडत गेली. मराठी असंच वाचतात, आणि मराठी तिला येतं.

शिवाय रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी तिच्या डोळ्यांखालून रोज जातं. स्टेशनवरची पाटी आठवा : पी-यू-एन-ई, पुणे. टी-एच-ए-एन-ई, ठाणे. डी-एच-यू-एल-ई, धुळे. शेवटच्या ‘ई’चा उच्चार प्रत्येक ठिकाणी ‘ए’. हाच नियम तिने ‘मेक’ला लावला आणि ‘माके’ झालं. उलटं करून बघा. इंग्रजीचा नियम गावांना लावला तर ‘ट्यून’सारखं ‘प्यून’ होईल आणि ठाण्याचं ‘थेन’. म्हणजे मुलीचा नियम खोटा नाही, तो दुसऱ्या भाषेचा आहे. एवढं एक वाक्य तिला सांगा. मी वर्गात म्हणते, ‘ही अक्षरं दोन घरांत राहतात. मराठीच्या घरी त्यांचे आवाज वेगळे, इंग्रजीच्या घरी वेगळे.’ मग फळ्याच्या डाव्या बाजूला गावांची आणि मुलांची नावं, उजव्या बाजूला इंग्रजी शब्द. ‘ए’ डावीकडे ‘आ’ म्हणतो, उजवीकडे ‘ॲ’. ‘यू’ डावीकडे ‘उ’, उजवीकडे ‘कप’मधला ‘अ’. ‘ओ’ डावीकडे ‘ओ’, उजवीकडे ‘डॉग’मधला ‘ऑ’. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे सहज पचतं. आजीशी एक बोलायचं आणि शाळेत एक बोलायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलंच असतं.

आता दहा वेळा लिहिण्याबद्दल. तिच्या शेजारी बसून एकदा नीट बघा. पहिली ओळ ती बघून लिहिते. तिसऱ्या ओळीपासून वरच्या ओळीतलं एकेक अक्षर खाली उतरवते. काही मुलं तर आधी दहा ‘एम’ उभे लिहून काढतात, मग दहा ‘ए’. हात दुखतो, पण शब्द एकदाही वाचला जात नाही. तोंडाने चाललेलं असतं ‘एम ए के ई मेक’. ही अक्षरांची नावं आहेत. ‘एम’ या नावात ‘म्’च्या आधी एक ‘ए’ आहे, ‘के’ या नावात ‘क्’नंतर ‘ए’ आहे. नावं जोडून ‘मेक’ कधीच तयार होत नाही, म्हणून प्रत्येक शब्द टेलिफोन नंबरासारखा पाठ करावा लागतो. फोनिक्स म्हणजे यापेक्षा वेगळं काही नाही : नावांऐवजी आवाज, आणि कोणता आवाज कोणत्या अक्षरांनी लिहिला जातो त्याचे ठरलेले साचे.

आवाज म्हणायचा म्हणजे कसा, यात मी स्वतः अनेक वर्षं चुकत होते. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. मी नोकरीला लागले तेव्हा ते नवीनच होतं, आणि आम्ही ‘ए फॉर ॲपल’च्या पुढे फारसं गेलो नव्हतो. पुढे मी आवाज शिकवायला लागले ते असे : ‘बऽ’, ‘टऽ’, ‘कऽ’. पहिलीतल्या एका मुलाला बी-ए-टी वाचायला दिलं. तो एकेका अक्षरावर बोट ठेवत म्हणाला, ‘बऽ… ॲ… टऽ…’. मग थांबला, जोडू लागला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘बटाटा?’ मी दिलेल्या आवाजांतून तेच जुळत होतं. चूक माझी होती. प्रत्येक व्यंजनाला मी एक ‘अ’ चिकटवून देत होते आणि तो काढून टाकायचं काम त्याच्यावर सोडत होते.

यावर आपल्याकडे एक तयार उपाय आहे, तो वापरा. तुमच्या मुलीला जोडाक्षरं येत असतील, म्हणजे अक्षराचा पाय मोडणं तिला ठाऊक आहे. तिला सांगा, इंग्रजीतलं प्रत्येक व्यंजन पाय मोडकं असतं. ‘बऽ’ नाही, ‘ब्’. ओठ मिटले, उघडले, संपलं. ‘म्’, ‘स्’, ‘न्’, ‘फ्’, ‘ल्’ हे आवाज लांबवता येतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा : ‘म्म्म्ॲॲॲट्’, मॅट. मध्ये श्वास तोडायचा नाही. तोडून म्हटलेले तीन आवाज जोडणं मुलाला अवघड जातं, एका श्वासात ओढलेले सोपे जातात.

अक्षरं ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत क्रमाने घेऊ नका. बहुतेक फोनिक्स पद्धती एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून सुरू होतात, कारण एवढ्यावरच ‘पिन’, ‘टिन’, ‘पॅन’, ‘नॅप’, ‘टॅप’, ‘सिट’ असे पुष्कळ शब्द वाचता येतात. पहिल्या आठवड्यातच मूल खरं वाचन करतं. ‘बी’ आणि ‘डी’ एकत्र शिकवू नका, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

माझं सगळ्यात आवडतं साधन म्हणजे चिंचोके. पाटीवर एका ओळीत चौकोन आखायचे. शब्द तोंडाने सांगायचा, मुलाने प्रत्येक आवाजाला एक चिंचोका चौकोनात सरकवायचा. ‘शिप’ म्हटलं की श्-इ-प्, तीन चिंचोके. मग चिंचोका उचलून त्याच्या जागी अक्षरं लिहायची. पहिल्या चौकोनात दोन अक्षरं बसतात, ‘एस-एच’. इथे मुलं थबकतात, आणि त्या थबकण्यातूनच शिकतात : अक्षरं चार, आवाज तीन. पुढे ‘बॉक्स’ द्या. ब्-ऑ-क्-स्, चिंचोके चार, पण अक्षरं तीनच, कारण ‘एक्स’ एकटा दोन चौकोन व्यापतो. आपल्या ‘क्ष’सारखा. इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज सुमारे 44, तेव्हा ही ओढाताण पुढे सतत भेटणार. ती आधी हाताने अनुभवलेली बरी.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे ‘मेक’ आणि ‘राइड’कडे. शेवटचा ‘ई’ स्वतः बोलत नाही, एका व्यंजनावरून उडी मारून मागच्या स्वराला त्याचं नाव उच्चारायला लावतो. मी त्याला ‘जादूचा ई’ म्हणते. पुठ्ठ्याची पट्टी घ्या, तिच्यावर टी-यू-बी लिहा, शेवटचं टोक मागे दुमडा आणि दुमडलेल्या भागावर ‘ई’ लिहा. पट्टी बंद असताना ‘टब’. उघडली की ‘ट्यूब’. सी-यू-टी ‘कट’, उघडला ‘क्यूट’. एन-ओ-टी ‘नॉट’, उघडला ‘नोट’. पिन आणि पाइन. टॅप आणि टेप. पट्टी मुलीच्या हातात द्या, तिलाच उघडझाप करू द्या. एक पट्टी दिवसभर पुरते.

यात मराठी मुलांची एक मोठी सोय आहे. या साच्यातले ढीगभर शब्द ती घरी बोलतातच : केक, गेट, गेम, प्लेट, टेप, लाइन, टाइम, बाइक, टाइल, फाइल, नोट, कोन, फोन, ट्यूब. उच्चार माहीत, अर्थ माहीत. फक्त लिहिलेलं रूप नवीन. पाठ्यपुस्तकातल्या अनोळखी शब्दांपेक्षा यांच्यापासून सुरुवात करा. एका आठवड्यात फक्त ‘ए’वाले शब्द, पुढच्या आठवड्यात ‘आय’वाले. ‘टी-आय-एम-ई’ बघून तिने ‘टिमे’ म्हटलं, तरी लगेच ‘अगं, टाइम’ असं सांगू नका. बोट शेवटच्या ‘ई’वर ठेवा आणि गप्प राहा. चार-पाच सेकंद लागतील. माझ्या अनुभवात, तेवढं थांबणं पालकांना सगळ्यात जड जातं.

‘हॅव’, ‘गिव्ह’ यांच्याही शेवटी ‘ई’ असतो, मग जादू का होत नाही, असं ती कधीतरी विचारेल. सांगा, इंग्रजीत शब्द ‘व्ही’ने संपवायची पद्धत नाही, म्हणून तिथे ‘ई’ नुसता सोबतीला उभा असतो.

तुम्हाला हेही सांगावंसं वाटतं की मुलीचं ‘माके’ इतिहासाच्या दृष्टीने अगदी निराधार नाही. चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये या शब्दातला ‘ए’ आपल्या ‘आ’सारखा उच्चारला जाई आणि शेवटच्या ‘ई’चा पुसट आवाज ऐकू येई, साधारण ‘माकऽ’. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत दीर्घ स्वर पार बदलून गेले. पण 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला होता आणि छापील स्पेलिंगं हळूहळू थिजत गेली. उच्चार पुढे गेले, अक्षरं मागे राहिली. ‘लाइट’मधला ‘जी-एच’ आणि ‘नाइफ’मधला पहिला ‘के’ हेही एकेकाळी ऐकू येत असत. हे दुसरीतल्या मुलीला शिकवायचं नाही. पण ‘इंग्रजीला काही नियमच नाही’ असं तिच्यासमोर म्हणू नये, एवढ्यासाठी मोठ्यांनी माहीत करून घ्यावं.

नियम आहेत, आणि ते फार सुंदर आहेत. ‘केक’ आणि ‘किक’ हे दोनच शब्द घ्या. दोन्ही मुलांच्या ओळखीचे, दोन्हींत सुरुवातीला ‘क’ आणि शेवटी ‘क’. तरी चारही ‘क’ वेगवेगळ्या हिशेबाने लिहिले जातात. केक : सी-ए-के-ई. किक : के-आय-सी-के. सुरुवातीच्या ‘क’पुढे ‘ई’ किंवा ‘आय’ असेल तर बहुधा ‘के’, एरवी बहुधा ‘सी’. शेवटचा ‘क’ आखूड स्वराला लागून आला की ‘सी-के’ : किक, बॅक, लॉक, ट्रक. जादूचा ‘ई’ असेल तर नुसता ‘के’ : केक, बाइक. मध्ये दुसरं व्यंजन असेल तरी नुसता ‘के’ : मिल्क, बँक. मी हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहून ठेवते आणि बाकीचे शब्द ‘हा केकच्या बाजूचा की किकच्या?’ असं विचारत वाटून घ्यायला लावते. नियम मी सांगत नाही. वीसेक शब्द वाटून झाले की कुणीतरी स्वतःच सांगतं.

‘किक’च्या सुरुवातीला ‘सी’ का चालत नाही, याचं कारण ‘सी’चा स्वभाव. पुढे ‘ई’, ‘आय’ किंवा ‘वाय’ आला की तो ‘स्’ म्हणतो. ‘सर्कस’ लिहा : सी-आय-आर-सी-यू-एस. पहिला ‘सी’ ‘स’, दुसरा ‘क’. ‘सायकल’ : सी-वाय-सी-एल-ई, पुन्हा तसंच. ‘एका अक्षराचे दोन आवाज कसे?’ असं एका मुलीने विचारलं, तेव्हा मी तिच्या हातातल्या चिंचोक्याकडे बोट दाखवलं आणि ‘चिंच’ म्हणायला सांगितलं. तिने दोनदा म्हटलं. पहिला ‘च’ चहातला, दुसरा ‘च’ चमच्यातला. लिहायला दोन्ही सारखे. आपल्याही ‘च’ला पुढे इकार आला की चहातला आवाज येतो : घरचा, पण घरची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, कानाने येत होतं. ‘सी’चं तंत्र तिला तिथेच कळलं.

मराठी मुलांची आणखी एक ठरलेली अडचण म्हणजे जोड अक्षरं. ‘रबर’मध्ये दोन ‘बी’ दिसले की ती ‘रब्बर’ वाचतात, ‘डिनर’ला ‘डिन्नर’. बरोबरच आहे, ‘पत्ता’मध्ये आपण ‘त’ खरोखरच दोनदा उच्चारतो. इंग्रजीत मात्र ते दुसरं अक्षर आवाजासाठी नसतं, मागच्या स्वराच्या रक्षणासाठी असतं. नुसता एक ‘एन’ असता तर पुढच्या ‘ई’ने उडी मारून ‘डायनर’ केलं असतं. दोन ‘एन’वरून त्याला उडी मारता येत नाही. जादूचा ‘ई’ ज्याला नीट कळला, त्याला हे दोन मिनिटांत कळतं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

उच्चारांपैकी दोनच गोष्टींकडे लक्ष द्या. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींना आपण ‘व’ म्हणतो, मग लिहिताना गोंधळ होतो. आरसा द्या : ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू होतो. आणि ‘शिप’-‘शीप’. बोलताना आपण इकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद फारसा पाळत नाही, म्हणून हा फरक मुद्दाम ऐकवावा लागतो. बाकी उच्चार इंग्रजांसारखा व्हावा यासाठी जिवाचं रान करू नका. वाचनासाठी त्याची गरज नाही.

‘सेड’, ‘वॉज’, ‘वन’, ‘दे’ असे रोजचे आडमुठे शब्द आठवड्याला दोन-तीन घ्या. पण तेही पूर्ण पाठ करायला लावू नका. ‘सेड’मध्ये ‘एस’ आणि ‘डी’ सरळच आहेत, अडतो फक्त मधला ‘ए-आय’. तेवढ्याच भागाखाली लाल रेघ मारा.

रोजचा वेळ 15 मिनिटं, त्याहून जास्त नको. आधी कालच्या साच्याचे पाच-सहा शब्द वाचायचे. मग चिंचोके किंवा पट्टी. मग श्रुतलेखन, आणि ते वगळू नका. तुम्ही ‘गेट’ म्हणा, ती मोठ्याने ग्-ए-ट् म्हणेल आणि लिहील. बघून लिहिलेल्या दहा शब्दांपेक्षा ऐकून लिहिलेला एक शब्द जास्त टिकतो, हे मी एवढ्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. शेवटी त्याच साच्यातले शब्द वापरून तुम्हीच केलेलं एखादं वाक्य.

साचा खरंच कळला की शब्द नुसताच पाठ झाला, हे तपासायला निरर्थक शब्द द्या : ‘व्ही-ए-बी’, मग ‘व्ही-ए-बी-ई’. इंग्लंडमध्ये 2012 पासून सरकारी शाळांतल्या पहिल्या इयत्तेच्या मुलांची अशी तपासणी होते. 40 शब्दांपैकी 20 असे बनवलेले असतात आणि त्यांच्याशेजारी काल्पनिक प्राण्यांची चित्रं असतात. माझ्या वर्गात आम्ही त्यांना ‘चंद्रावरचे शब्द’ म्हणतो. मुलं स्वतः नवे शब्द बनवून एकमेकांना वाचायला लावतात.

क्लासबद्दल. लावायलाच हवा असं नाही. लावायचा असेल तर आधी एक तास मागे बसून बघा. शिकवणाऱ्या बाई ‘ब्’ म्हणतात की ‘बऽ’, एवढं ऐकलं तरी बरंच कळतं. मुलं नुसती गाणी म्हणतात की स्वतः शब्द जोडतात? ऐकून लिहितात का? सगळे आवाज एका महिन्यात ‘पूर्ण’ करून देऊ असं कुणी सांगत असेल तर तिथे जाऊ नका. आवाज एका महिन्यात ऐकवून होतात, हातात बसायला दीड-दोन वर्षं लागतात. एखादं मूल मराठीतही अडखळत असतं तर मी आधी डोळे-कान तपासून घ्या आणि तज्ज्ञांना दाखवा म्हटलं असतं. तुमची मुलगी मराठी गोष्टी स्वतःहून वाचते, म्हणजे आवाज आणि अक्षर यांची गाठ तिच्या डोक्यात पक्की आहे.

उद्यापासून फक्त टब-ट्यूब, कट-क्यूट आणि नॉट-नोट या तीन पट्ट्या करा. ‘केक’, ‘गेट’, ‘गेम’, ‘टेप’ फ्रीजवर चिकटवा, आणि पुणे-ठाणे-धुळे वेगळ्या कागदावर, दुसऱ्या भिंतीला. ‘मेक’ आणि ‘राइड’ तिला वाचायला देऊ नका. तीन-चार आठवड्यांनी, आधी काही न सांगता, चिठ्ठीवर लिहून समोर ठेवा. ती थांबून, शेवटच्या ‘ई’कडे बघून ‘मेक’ म्हणाली, की मग ‘ट्रेन’चा ‘ए-आय’ आणि ‘प्ले’चा ‘ए-वाय’ काढा. ‘माके’च म्हणाली तर आणखी दोन आठवडे पट्ट्याच.